अमेरिकन 'फार्महाऊस' धाटणीचे प्रवेशद्वार : सुतार, लोहार व विणकर बांधवांनी समजून घ्यावा असा माल

अमेरिकेतील घरसजावटीच्या बाजारात गेली दहा-बारा वर्षे एक शब्द वारंवार ऐकू येतो आहे. तो म्हणजे 'फार्महाऊस स्टाईल'. शेतकऱ्याच्या जुन्या घरासारखी साधी, दणकट, थोडीशी झिजलेली दिसणारी सजावट. या सजावटीत सर्वांत जास्त माल खपतो तो घराच्या दाराशी, म्हणजे आत पाऊल टाकल्याबरोबर लागणाऱ्या जागेत. तेथे बसायला बाक, कपडे अडकवायला खुंट्या, चपला-बूट ठेवायला टोपली, भिंतीला लाकडी पट्ट्या, एक आरसा, एक कंदील असा सारा थाट असतो.

आपल्या वाचकांना याच्याशी काय देणेघेणे, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. या यादीतील एकही वस्तू अशी नाही, जी आपला सुतार, लोहार, पत्र्याचे काम करणारा, बुरूड किंवा विणकर बनवू शकत नाही. सहारनपूरचे लाकडी कोरीवकाम, मुरादाबादची पितळी व पत्र्याची भांडी-कंदील, जोधपूरचे लाकडी-लोखंडी फर्निचर हा माल वर्षानुवर्षे अमेरिकेत जातो, आणि सहारनपूर-मुरादाबादच्या कारखान्यांतून राबणारे हात फार मोठ्या प्रमाणावर आपल्याच बांधवांचे आहेत. मुंबईत जोगेश्वरीच्या ओशिवरा भागात जुन्या लाकडापासून नवे फर्निचर करणारी दुकाने आहेत. मटन स्ट्रीटच्या चोर बाजारात जुने दिवे, कड्या, बिजागऱ्या मिळतात. भिवंडी-मालेगावात कापड विणले जाते. तेव्हा माल आपला आहे, हुनर आपला आहे. कमी पडते ती माहिती. गिऱ्हाईक नेमके काय मागतो आणि का मागतो, हे ठाऊक नसल्याने कारागीर दलालाने दिलेल्या फोटोवरून नक्कल करतो आणि दलाल देईल तो भाव घेतो. ही माहिती येथे क्रमाने देण्याचा प्रयत्न आहे.

ही धाटणी आली कोठून?

अमेरिकेत १८६२ साली होमस्टेड कायदा झाला. जो कोणी पडीक सरकारी जमिनीवर पाच वर्षे राहून ती कसील, त्याला १६० एकर जमीन नाममात्र फीमध्ये मिळू लागली. (ही जमीन तेथील मूळ रहिवाशांच्या ताब्यातून गेलेली होती, ही गोष्टही विसरता येत नाही.) हजारो कुटुंबे पश्चिमेकडे गेली आणि त्यांनी हाताशी असलेल्या लाकडातून घरे उभी केली. शोभेसाठी पैसा नव्हता. जे केले ते कामापुरते केले.

शेतकऱ्याच्या घराला दोन दारे असत. पुढचे दार पाहुण्यांसाठी. घरचे लोक मागच्या दाराने येत, कारण पायाला चिखल आणि अंगावर बर्फ असे. त्या दाराशी एक छोटी खोली ठेवण्याची पद्धत पडली. तिला 'मडरूम' म्हणजे चिखलाची खोली म्हणतात. बूट काढायला बाक, ओले कोट टांगायला खुंट्या, हात धुवायला जस्ती पत्र्याचे घमेले. आज ज्याला फॅशन म्हणून पैसे मोजले जातात, ती मुळात गरिबाची सोय होती.

या धाटणीत आणखी दोन गोष्टी मिसळल्या. इंग्लंडहून १७७४ मध्ये अमेरिकेत आलेल्या 'शेकर' पंथाच्या लोकांनी अतिशय साधे, नक्षीविरहित फर्निचर केले. त्यांच्या खोल्यांत भिंतीभर एक लाकडी पट्टी आणि तिच्यावर ठराविक अंतराने खुंट्या असत. टोपी, झाडू, इतकेच काय खुर्चीसुद्धा त्यावर टांगत. दुसरी गोष्ट गोठ्याच्या दाराची. गोठ्याचे दार रुंद असे. वाऱ्यात आणि बर्फात ते उघडणे-मिटणे कठीण. म्हणून लोखंडी रुळावर चाकांनी सरकणारे दार आले.

हे सारे जुने होते, पण त्याची लाट उसळली ती टीव्हीमुळे. टेक्सास राज्यातील वेको गावचे चिप व जोआना गेन्स हे दांपत्य जुनी घरे विकत घेणाऱ्यांना ती दुरुस्त करून देत असे. त्यांचा 'फिक्सर अप्पर' हा कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला व २०१८ पर्यंत चालला. जुन्या घराच्या भिंतीवरचा कागद फाडला की आतून निघणाऱ्या लाकडी फळ्या त्यांनी लोकांना आवडत्या केल्या. या फळ्यांना 'शिपलॅप' म्हणतात. प्रत्येक फळीच्या कडेला अर्ध्या जाडीची खाच असते व एक फळी दुसरीवर बसते. पूर्वी त्या केवळ भिंत उभी करण्यासाठी वापरत. आता त्याच पांढऱ्या रंगवून दाखविण्यासाठी लावतात.

एक गोष्ट ध्यानात घ्या. आपल्या कोकणातल्या घराची पडवी, ओटा, भिंतीतली खुंटी, कोनाडा, दाराची कडी आणि कोयंडा हे सारे याच जातीचे आहे. आपण ते जुनाट म्हणून काढून टाकले, आणि त्यांनी ते किंमत देऊन परत आणले. म्हणून ज्या कारागिराने जुने घर नीट पाहिले आहे, त्याला ही धाटणी परकी वाटणार नाही.

कोणत्या वस्तू आणि कोणत्या मापाच्या?

माप चुकले की कितीही चांगले काम परत येते. म्हणून मापे नीट पाहा. अमेरिकेत आजही इंच-फुटाचा हिशेब चालतो, हे आपल्या सुताराच्या सोयीचेच आहे.

बाक : बसण्याची उंची १७ ते १८ इंच, खोली १४ ते १८ इंच, लांबी ३ ते ५ फूट. खाली बूट राहतील अशी मोकळी जागा किंवा पट्ट्यांची फळी. फळीत फटी ठेवतात, म्हणजे बुटाचे पाणी निथळते.

खुंट्यांची पट्टी : मोठ्यांसाठी जमिनीपासून ६० ते ६६ इंच, मुलांसाठी सुमारे ४ फुटांच्या आत. दोन खुंट्यांत ६ ते ८ इंच अंतर. हिवाळी कोट पाण्याने भिजला की बराच जड होतो, म्हणून खुंटी फळीच्या आरपार पक्की बसली पाहिजे. केवळ गोंदावर चिकटवलेली खुंटी टिकत नाही.

हॉल ट्री : बाक, मागची फळी, खुंट्या आणि वर टोपीची मांडणी असे सारे एकत्र. लहान घरासाठी याला मागणी असते. मात्र उंच असल्यामुळे ते पुढे कलंडण्याचा धोका असतो. भिंतीला बांधण्याची लोखंडी पट्टी व स्क्रू सोबत दिलेच पाहिजेत. मूल खुंटीला लोंबकळणार, हे गृहीत धरूनच काम करावे.

कन्सोल टेबल : भिंतीलगतचे अरुंद टेबल. उंची ३० ते ३४ इंच, खोली १० ते १६ इंच. त्यावर किल्ल्यांची वाटी, कंदील, फुलदाणी. खाली दोन टोपल्या.

भिंतीची पट्टी : याला 'बोर्ड अँड बॅटन' म्हणतात. सपाट भिंतीवर अडीच-तीन इंच रुंदीच्या उभ्या पट्ट्या १२ ते २० इंच अंतराने आणि वर एक आडवी पट्टी. काम सोपे, पण ओळंबा आणि समान वाटणी यांत सुताराची परीक्षा होते. भिंतीची लांबी मोजून आधी वाटणी करावी, मगच पहिली पट्टी ठोकावी.

सरकते दार : फटीतून पलीकडचे दिसू नये म्हणून दार उघड्या जागेपेक्षा दोन्ही बाजूंना इंच-दोन इंच रुंद ठेवतात, आणि रूळ दाराच्या रुंदीच्या दुप्पट लागतो. म्हणजे ३६ इंचांच्या जागेला साधारण ३९ इंचांचे दार आणि ७८ इंचांचा रूळ. सारा भार वरच्या रुळावर असतो. चार इंची विटेच्या भिंतीत नुसते स्क्रू मारणे धोक्याचे. आधी जाड लाकडी फळी आरपार बोल्टने बसवून तिच्यावर रूळ लावावा. असे दार जागा वाचवते, पण आवाज आणि वास अडवत नाही, म्हणून संडास-न्हाणीघराला ते सुचवू नये.

इतर वस्तू : जस्ती पत्र्याच्या बादल्या व पसरट तबके, लोखंडी हूक, पत्र्याचे कंदील, वेताच्या व बांबूच्या टोपल्या, तागाची व काथ्याची पायपुसणी, जाड सुती कापडाच्या गाद्या-उशा. जुन्या धान्याच्या पोत्यावर असत तशा निळ्या, लाल किंवा काळ्या दोन-तीन रेघांच्या पांढऱ्या खादीसारख्या कापडाला या बाजारात फार मान आहे. हे कापड साध्या मागावर निघते. काचेच्या बरण्याही चालतात. जॉन मेसन याने १८५८ मध्ये आटे असलेल्या झाकणाच्या बरणीचे पेटंट घेतले, म्हणून तेथे तिला मेसन जार म्हणतात.

झिजलेपणा खरा वाटला पाहिजे

या मालाची सारी किंमत त्याच्या रंगरूपात आहे आणि आपल्याकडे नेमकी तेथेच चूक होते. 'जुने दिसले पाहिजे' असे सांगितले की कारागीर साखळीने, खिळ्याने सगळीकडे सारखे मारतो आणि साऱ्या पृष्ठभागावर काचपेपर फिरवतो. जाणकार गिऱ्हाईक ते लगेच ओळखतो.

वस्तू खरोखर झिजते कोठे? जेथे हात लागतो, पाय घासतो, कपडा रगडतो तेथे. बाकाची पुढची कड, बसण्याचा मध्य, पायांच्या तळाचे कोपरे, कप्प्याच्या मुठीभोवतीची जागा. मागची बाजू आणि खाचा यांत रंग शाबूत राहतो, किंबहुना तेथे धूळ साचून तो गडद होतो. एवढे लक्षात ठेवून काम केले तर पाच मिनिटांत वस्तूचा भाव बदलतो. आधी लाकडाला गडद रंग द्यावा, झिजणाऱ्या जागी मेण चोळावे, त्यावर पांढरा किंवा फिकट रंग द्यावा आणि वाळल्यावर हलक्या हाताने घासावे. मेणाच्या जागचा रंग सहज सुटतो.

लाकूड करडे करण्याची एक स्वस्त युक्ती आहे. शिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये, लोखंडी किसाची जाळी एक-दोन दिवस भिजत ठेवावी. हे पाणी गाळून लाकडावर लावले की लाकडातील टॅनिनशी लोहाचा संयोग होऊन रंग करडा-काळा होतो. बाभळीत टॅनिन भरपूर असल्याने ती लगेच काळवंडते. आंब्याच्या लाकडात ते कमी असते. त्यावर आधी कडक काळ्या चहाचा हात द्यावा, वाळू द्यावे, मग हे पाणी लावावे. प्रत्येक वेळी आधी तुकड्यावर पाहावे.

लोखंडाला काळेपणा आणण्यासाठी तो तुकडा तापवून जवसाच्या तेलात बुडविण्याची जुनी लोहारी पद्धत उत्तम. रंगाच्या थरापेक्षा ती अधिक खरी दिसते. मात्र तेल पेट घेऊ शकते. झाकणाचे लोखंडी भांडे आणि वाळूची बादली जवळ ठेवूनच हे काम करावे.

लाकूड सुकले नाही तर सारे व्यर्थ

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत ठेवलेल्या लाकडात १५ टक्के किंवा त्याहून अधिक ओल राहते. अमेरिकेत हिवाळ्यात घरे आतून तापवतात, तेथील हवा फार कोरडी असते आणि लाकूड ६ ते ८ टक्क्यांपर्यंत सुकते. आपल्याकडे सरळ-सपाट असलेला बाक तेथे तीन महिन्यांत तडकतो, वाकतो, सांधे सोडतो.

हिशेब करून पाहा. सागासारखे लाकूड ओल एक टक्क्याने उतरली की रुंदीत साधारण ०.२ टक्के आकसते. १४ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आले, म्हणजे ६ टक्के ओल गेली, तर १६ इंची (सुमारे ४० सेंटिमीटर) फळी ४ ते ५ मिलीमीटर आकसेल. फळी चारी बाजूंनी स्क्रूने जखडलेली असेल तर ती फाटण्याशिवाय दुसरा मार्ग नाही.

यावर उपाय दोन. एक, निर्यातीचे लाकूड भट्टीत सुकवून ८ ते १० टक्क्यांवर आणावे आणि ओल मोजण्याचे छोटे यंत्र वापरून प्रत्येक फळी तपासावी. हे यंत्र फार महाग नाही. परत आलेल्या एका बाकाचे नुकसान त्याच्या किमतीपेक्षा जास्त असते. दोन, वरची फळी चौकटीला जोडताना स्क्रूचे भोक लांबट ठेवावे किंवा खाचेत सरकणाऱ्या लाकडी गुटक्यांनी ती धरावी, म्हणजे लाकडाला आकसायला-फुगायला वाव राहतो. जुन्या सुतारांना ही गोष्ट ठाऊक होती. प्लायवूडच्या जमान्यात ती विसरली गेली.

आंब्याचे लाकूड स्वस्त आहे, रेघा सुंदर आहेत, फळ देणे थांबलेली झाडे तोडून ते मिळते, म्हणून निर्यातीत ते फार चालते. पण त्यात पिष्ट असल्याने भुंगा लवकर लागतो. कापल्याबरोबर बोरॅक्स-बोरिकच्या पाण्यात मुरवून मगच सुकवावे. तयार बाकातून पिवळे पीठ गळू लागले तर अख्खी खेप नाकारली जाते.

कागदपत्रांच्या चार गोष्टी

पहिली, शिसमची. शिसम व त्याच्या जातीची लाकडे जानेवारी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय 'साइटिस' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आली. त्यामुळे निर्यातीला लाकूड कायदेशीर असल्याचा दाखला लागू लागला आणि सहारनपूर-जोधपूरच्या कारागिरांना मोठा फटका बसला. नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामा येथील बैठकीत सवलत मिळाली. ज्या शिसमच्या वस्तूचे निव्वळ वजन प्रत्येकी १० किलोपेक्षा कमी आहे, तिला साइटिसची कागदपत्रे लागत नाहीत, मग खेपेत असे कितीही नग असोत. खुंट्यांची पट्टी, आरशाची चौकट, छोटे स्टूल यात सहज बसतात. जड बाक बसत नाही.

दुसरी, लाकडाच्या बिलाची. अमेरिकेचा लेसी कायदा २००८ मध्ये वनस्पतिजन्य मालाला लागू झाला. लाकडाच्या अनेक वस्तूंबाबत आयातदाराला त्या लाकडाचे शास्त्रीय नाव आणि ते कोणत्या देशात तोडले गेले हे जाहीर करावे लागते. वखारीचे पक्के बिल नसेल तर तो माल घेणार नाही. जुन्या लाकडाच्या बाबतीत तर ही काळजी दुप्पट घ्यावी. पाडलेल्या वाड्याचे, गोदीतले किंवा गुजरातेतील अलंगच्या जहाजतोडणीतले लाकूड असो, कोणाकडून घेतले याची पावती ठेवावी. विनापावतीचा स्वस्त दरवाजा चोरीचा निघाला तर हुनर आणि अब्रू दोन्ही जातात.

तिसरी, खोक्यांची. लाकडी खोके किंवा पॅलेट वापरला तर त्याचे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटे तापविलेले किंवा मान्य धुरी दिलेले असावे लागते, आणि त्यावर ठरलेला शिक्का लागतो. माल उत्तम पण खोक्यावर शिक्का नाही, म्हणून खेप बंदरात अडते.

चौथी, जकातीची. भारतीय मालाला मिळणारी अमेरिकेची जीएसपी सवलत जून २०१९ मध्ये गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने अनेक भारतीय वस्तूंवर मिळून ५० टक्के जादा जकात लावली आणि हस्तकलेच्या कित्येक ऑर्डरी थांबल्या. असे दर एका आदेशाने चढतात आणि उतरतात. म्हणून भाव ठरविण्याच्या दिवशीचा दर विचारावा आणि जकात कोणी भरायची हे ऑर्डरीतच लिहून घ्यावे.

हातांचे आणि छातीचे रक्षण

पैशापेक्षा मोठी एक गोष्ट येथे सांगणे भाग आहे. जुन्या दारांना वर्षानुवर्षे दिलेल्या तेली रंगात शिसे असते. भारतात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा १० लाखांत ९० भाग अशी नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचे थर कसे असतील याचा भरवसा नाही. असा रंग कोरडा घासला की शिशाची धूळ उडते. ती घासणाऱ्याच्या छातीत जाते, कपड्यांवरून घरी जाते आणि लहान मुलांच्या मेंदूवर कायमचा परिणाम करते. आपली बरीच कामे राहत्या घरात, गल्लीत, पोटमाळ्यावर चालतात. मुले तेथेच खेळतात. म्हणून जुना रंग ओला करून खरवडावा, यंत्राने कोरडा घासू नये. बारीक धूळ अडविणारा मास्क लावावा, रुमाल पुरत नाही. काम झाल्यावर कपडे वेगळे धुवावेत, आणि मुले व गरोदर स्त्रिया यांना त्या जागेपासून दूर ठेवावे. अमेरिकेतही मुलांच्या वस्तू आणि घरगुती फर्निचरच्या रंगासाठी हीच ९० भागांची मर्यादा आहे. जुना रंग तसाच ठेवून पाठविलेले 'अस्सल' दार तेथे अडचणीत येऊ शकते.

दुसरे, जस्ती पत्रा वेल्डिंगने जोडताना पांढरा धूर निघतो. त्याने रात्री थंडी वाजून ताप येतो, तोंडाला धातूची चव येते. दूध प्यायल्याने तो उतरतो ही समजूत खोटी आहे. जोडाच्या जागचे जस्त आधी काढावे, काम उघड्या हवेत करावे, किंवा पत्रा दुमडून रिबेट मारावेत. रिबेट मारलेला सांधा या धाटणीत उलट अधिक शोभतो.

भाव कसा काढावा?

उदाहरणासाठी चार फुटी बाक घेऊ. वरची फळी ४८ × १६ × १¼ इंच. पाय चार, प्रत्येकी ३ × ३ × १६½ इंच. चौकटीच्या एक इंच जाड, चार इंच रुंद पट्ट्या. दोन ४२ इंची, दोन ११ इंची. खाली पाऊण इंच जाडीची ४२ × १२ इंच मांडणी. सारे मिळून सुमारे २,३५६ घनइंच होतात. एका घनफुटात १,७२८ घनइंच, म्हणजे १.३६ घनफूट लाकूड. रंधा, गाठी, तुकडे यांची घट ३० टक्के धरली तर पावणेदोन घनफुटांचे पैसे वखारीत मोजावे लागतील. पुष्कळ कारागीर १.३६ वरच भाव काढतात आणि नफा भुश्यात जातो.

यात सुकविण्याचा खर्च, स्क्रू-बोल्ट, रंग-मेण-काचपेपर, स्वतःची व जोडीदाराची मजुरी, जागेचे भाडे, वीज, अवजारांची झीज, खोके आणि वाहतूक मिळवावी. स्वतःची मजुरी धरायला लाजू नये. ती धरली नाही तर आपण नफा कमावला असे वाटते, पण प्रत्यक्षात फक्त रोज कमावलेला असतो. या सर्वांवर नफा, आणि शंभरात दोन-चार नग बिघडणार याची तरतूद.

जहाजाचे भाडे जागेवर असते. जोडलेला बाक खोक्यासह साधारण ०.२७ घनमीटर जागा खातो. २० फुटी कंटेनरमध्ये प्रत्यक्षात २६-२७ घनमीटर माल बसतो, म्हणजे जेमतेम शंभर बाक. पाय बोल्टने सुटे केले आणि ते चौकटीच्या पोकळीत आडवे ठेवले तर तेच खोके सुमारे ०.१०५ घनमीटरचे होते आणि अडीचशेच्या वर बाक बसतात. कौशल्य तेच, लाकूड तेच. केवळ जोडणी बदलल्याने प्रत्येक नगाचे भाडे निम्म्याहून कमी झाले.

सुरुवात कोठून करावी?

परदेशी ऑर्डर मिळण्याची वाट पाहत बसण्याची गरज नाही. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये दार उघडले की चपलांचा ढीग दिसतो. पॅसेजमध्ये १० इंच खोलीचे बाक-कम-चप्पल कपाट आणि वर खुंट्यांची पट्टी हीच धाटणी, आपल्या मापात. मात्र माणसाला जायला तीन फूट मोकळी वाट राहत नसेल तर बाक न सुचविता फक्त भिंतीवरची पट्टी व घडीची फळी सुचवावी. अलिबाग, कर्जत, लोणावळा, पाचगणी या भागांत सुट्टीची घरे बांधणाऱ्यांनाही हा माल हवा असतो, आणि तो त्यांना जवळच्या कारागिराकडून मिळाला तर वाहतूक वाचते.

एकट्याने सर्व बनविण्यापेक्षा पाच-सहा जणांनी मिळून 'दाराशीचा पूर्ण संच' करावा. बाक सुताराचा, हूक लोहाराचा, टोपली बुरुडाची, गादीचे कापड विणकराचे, शिलाई घरातील भगिनींची. सुटा हूक विकणाऱ्याला दलाल दाबतो. पूर्ण संच विकणारा दुकानदाराशी समोरासमोर बोलतो. कोणाचा वाटा किती आणि बिघाड झाला तर भरपाई कोणाची, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहावे. तोंडी भागीदारीने अनेक घरे तुटली आहेत.

निर्यात करायची तर आयात-निर्यात क्रमांक लागतो. तो परकीय व्यापार महासंचालनालयाकडून मिळतो. हस्तकला निर्यात संवर्धन परिषद ग्रेटर नोएडा येथे वर्षातून दोनदा मेळा भरवते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातील हाय पॉइंट येथे एप्रिल व ऑक्टोबरमध्ये फर्निचरचा मोठा बाजार भरतो आणि पुढच्या हंगामाची धाटणी तेथे ठरते. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, कुलपे करणारे, टोपल्या-चटया विणणारे यांना प्रशिक्षण आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतची मदत ठेवलेली आहे. त्यातील कर्ज घेणे न घेणे ज्याचा तो ठरवील. प्रशिक्षण आणि अवजारे सोडू नयेत.

शेवटी एक इशारा. फॅशन ही पाहुणी असते. अमेरिकेतच आता पांढऱ्या फळ्या आणि काळ्या हुकांचा अतिरेक झाल्याची तक्रार ऐकू येते, आणि लाकडाचा मूळ उबदार रंग परत येऊ लागला आहे. सरकत्या दारांचे रूळ हजारोंच्या संख्येने बनवून गोदाम भरणारा उद्या अडचणीत येईल. पण ज्याने लाकूड सुकवायला, सांधा मोकळा ठेवायला, पावती जपायला आणि आपल्या मजुरीचा हिशेब मांडायला शिकून घेतले, त्याला पुढची फॅशन कोणतीही आली तरी काम मिळेल. दाराशी ठेवलेला बाक वीस वर्षांनी न डगमगता उभा राहिला, तर तो बनविणाऱ्याची आठवण त्या घरात निघते, आणि पुढचे गिऱ्हाईक त्याच दारातून बाहेर पडते.